पॅराग्वेचा समुद्र

धाकटीला शाळेत दहा वाक्यं बोलायची होती. फक्त दहा. भूगोलाच्या बाईंनी तसं स्पष्ट सांगितलं होतं आणि धाकटीनं वहीत तसं लिहूनही आणलं होतं. त्या दहा वाक्यांपायी घराचा दरवाजा बिजागऱ्यांतून काढावा लागेल, जिना निळा होईल आणि वरच्या मजल्यावरच्या कॅप्टनच्या सबंध पूर्वायुष्यावर संशय घेतला जाईल, असं तिला कुणी आधी सांगितलं असतं, तर ती आठवडाभर आजारीच पडली असती.

त्याचं असं झालं. बाईंनी सातवीच्या वर्गाला विचारलं, की स्पॅनिश भाषा कुठं बोलतात? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "स्पेन!" बाईंनी चष्मा काढला. बाईंनी चष्मा काढला की समजावं, आता काहीतरी घरी करायला मिळणार. दुसऱ्या दिवशी त्या खडूच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या घालून घेऊन आल्या. एकेका चिठ्ठीवर एकेक देश. पुढच्या शनिवारी प्रत्येकीनं आपापल्या देशाची माहिती वर्गाला सांगायची होती.

"दहा वाक्यं," बाई म्हणाल्या. "उभं राहून. मोठ्यानं. आणि न रडता."

शेवटचे दोन शब्द धाकटीकडे बघून होते.

डॉक्टरांच्या मुलीला पेरू निघाला आणि वर्ग खिदळला. धाकटीला पॅराग्वे निघाला आणि वर्ग गप्प बसला, कारण तो शब्द मोठ्यानं वाचायची कुणाची हिंमत नव्हती.

'न रडता'ची हकिकत अशी, की आधीच्या सहामाहीत धाकटी नद्यांची नावं सांगायला उभी राहिली होती. नावं पाठ होती. तोंड उघडलं होतं. पण मधल्या रस्त्यात काहीतरी अडकलं आणि एकही नदी बाहेर आली नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी ती तशीच उभी, तोंड उघडं, आणि डोळ्यांतून मात्र दोन नद्या. त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव 'मौनीबाई' पडलं. शाळेतली नावं फार चिवट. शिक्षक बदलतात, इमारतीला रंग देतात, पण एकदा पडलेलं नाव मुलीच्या बरोबर वर्ग चढत जातं. या शनिवारीही घसा बंद पडला तर दहावीच्या निरोपालाही आपण मौनीबाईच असणार, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं.

ती मुकी मुळीच नव्हती. घरात तिचा नंबर लागत नसे एवढंच. बोलायचं खातं वडिलांकडे होतं. नाना दम घ्यायला थांबले की आई बोलून घेई, आणि आई थांबेपर्यंत नानांचा दम भरलेला असे.

नाना एका मोठ्या ऑफिसात हेडक्लार्क होते. जाड चष्मा, खिशाला दोन पेनं, निळं आणि लाल. त्यांच्या टेबलावरून अपुरा कागद पुढे गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण त्यांची खरी ख्याती होती शुद्धिपत्रकाची. एकदा सहीनिशी बाहेर पडलेल्या कागदात चूक सापडली, तर तिथं खाडाखोड करायची नाही, हा ऑफिसचा नियम. वेगळी चिठ्ठी टाइप करायची, "ओळ अमुक, 'हे' ऐवजी 'ते' वाचावे", खाली सही करायची आणि मूळ कागदाला टाचायची. नानांना हा नियम इतका आवडे, की त्यांनी तो घरातही लागू केला होता. एकदा जेवायला चार माणसं येणार म्हणून सांगून गेले आणि दुपारी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली, "'चार' ऐवजी 'सहा' वाचावे." आईनं ती वाचली आणि त्या दिवशी नाना घरी आल्यावर त्यांनी आणखी बरंच काही वाचलं, आईच्या चेहऱ्यावर.

"दहा वाक्यं?" धाकटीची वही बघून नाना म्हणाले. "एका सबंध देशाची दहा वाक्यं? अगं, आमच्या ऑफिसात पंखा दुरुस्त करायचा तरी चौदा लागतात."

"बाईंनी दहाच सांगितलीत, नाना."

"किमान दहा, असा त्याचा अर्थ. तू काळजी करू नकोस. हे काम माझ्याकडे दे."

इथं आईनं हातातलं विणकाम खाली ठेवलं. "अहो, बोलायचं तिला आहे."

"बोलेल तीच. मी फक्त माहिती गोळा करतो."

त्या काळी माहिती गोळा करायची म्हणजे चपला घालून बाहेर पडावं लागे. शाळेच्या भिंतीवर जगाचा एक नकाशा होता खरा, पण तो रोज गुंडाळून आणि उलगडून दक्षिण अमेरिकेच्या पोटात मोठं भोक पडलं होतं आणि पॅराग्वे त्या भोकात गेला होता. म्हणून नाना सोमवारी सार्वजनिक वाचनालयात गेले. तिथं ज्ञानकोशाचे सगळे खंड ओळीनं उभे होते आणि मधे एका खंडाची जागा रिकामी. तोच खंड 'प'चा.

"बाइंडिंगला गेलाय," ग्रंथपाल म्हणाले.

"कधी येईल?"

"गेलाय कधी ते सांगू शकतो. दोन वर्षं झाली."

दुरुस्तीला गेलेलं पुस्तक बाइंडरकडे जाऊन बघायचं तर वाचनालयाची लेखी परवानगी लागत होती. दुसऱ्या कुणाचं डोकं फिरलं असतं. नानांना आपल्या गावचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. त्यांनी तिथल्या तिथं तीन प्रतींत अर्ज लिहिला, ग्रंथपालांना त्यांच्याच नमुन्यातली एक त्रुटी दाखवली, ती दूर करून दिली आणि परवानगी घेऊनच बाहेर पडले.

बाइंडरचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. खळीचा वास, कातरणांचा ढीग आणि भिंतीला टेकून जगातलं सगळं ज्ञान, पण उसवलेलं. बाइंडर म्हातारा होता आणि पुस्तकं न वाचता ती जोडण्यात त्याची हयात गेली होती. त्यानं 'प'चा खंड काढून दिला. म्हणजे सुट्या पानांचा गठ्ठा काढून दिला. कसर लागून सगळ्या पानांचे कोपरे गेलेले, आणि पानांचे आकडे बरोबर कोपऱ्यांतच असतात.

"पानं क्रमानं आहेत ना?" नानांनी विचारलं.

"माझ्या हातून पान हललं नाही कधी," बाइंडर दुखावून म्हणाला.

नाना वरमले. स्वतःच्या कामाबद्दल कुणी असं विचारलेलं त्यांनाही खपत नसे. त्यांनी पॅराग्वेचं पान शोधलं. पानाच्या अगदी शेवटी शेवटी मजकूर सुरू होत होता. स्पॅनिश भाषा, राजधानी असुन्स्योन, झेंड्याचं रंगीत चित्र, तिथल्या बायका करतात त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाजूक लेसबद्दल दोन ओळी, आणि पान संपता संपता, "या देशाच्या चतुःसीमा पुढीलप्रमाणे :"

नानांनी पान उलटून ठेवलं. गठ्ठ्यातलं पुढचं पान घेतलं. ते असं सुरू होत होतं, "पश्चिमेस पॅसिफिक महासागर."

आता यात संशय घ्यायला जागा कुठं होती? नानांनी दोन्ही पानं मूळ कागदाप्रमाणे हुबेहूब उतरवून घेतली. समुद्रकिनारा, मासेमारी, किनाऱ्यालगतचं वाळवंट, पाठीशी उंच पर्वत, त्यावर चरणारे लामा नावाचे लोकरी प्राणी. दहा वाक्यांची सत्तावीस झाली. मंगळवारी ती टाइप होऊन आली, अनुक्रमांकासह.

"अहो, पण एकदा नकाशात बघून घ्यायचं होतं," आई म्हणाली.

"कोशात आहे म्हटल्यावर नकाशा कशाला?"

"समुद्र आहे म्हणता एवढा, म्हणून."

"अगं, आहे म्हणजे काय? चतुःसीमेत आहे!"

शंका राहायला नको म्हणून नानांनी कॅप्टनला बोलावलं. हे वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पूर्वी एका जहाज कंपनीत होते. बोटीवर होते की बोटीच्या कोठारातली पोती मोजायला होते, हे कुणी विचारलं नव्हतं. पण जगातल्या कुठल्याही गावाचं नाव घ्या, ते तिथं उतरलेले असत आणि तिथल्या कुणीतरी त्यांना राहण्याचा आग्रह केलेला असे.

"पॅराग्वे?" कॅप्टननं डोळे मिटले. "अहाहा. काय समुद्र आहे, नानासाहेब! हिरवट निळा. मी स्वतः पोहलोय त्यात."

"बघ," नाना आईला म्हणाले.

"पाणी गार होतं का हो?" आईनं विचारलं.

"सकाळचं गार. दुपारी कोमट," कॅप्टन म्हणाले. खोटं बोलणाऱ्या माणसाला तपशील विचारू नये. तो देतो.

मग झेंडा. कोशातल्या चित्राखाली लिहिलं होतं, की हा झेंडा पुढून एक आणि मागून एक आहे. लाल, पांढरा, निळा असे तीन पट्टे दोन्हीकडे. पण मधलं चिन्ह एका बाजूला तारा आणि दुसऱ्या बाजूला सिंह, शेजारी काठीवर लाल टोपी. नाना हे घेऊन शिंप्याकडे गेले. शिंप्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, कापडाला सुलट बाजू एकच असते."

"याला दोन आहेत."

"मग उलटी कुठंय?"

नानांनी चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवलं. शिंप्यानं दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना चित्र दाखवलं. दोघांनी एकमतानं ती छपाईची चूक ठरवली. इमारतीत आल्यावर जिन्यात भेटेल त्यानं तेच सांगितलं. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "नाना, हसं होईल हो पोरीचं. एवढा शिकलेला माणूस, झेंडा कुठं असा असतो का?" कॅप्टननं तर त्या झेंड्याला बंदरात रोज सलामी दिली होती आणि त्यांना सिंह दिसल्याचं आठवत नव्हतं. पण नाना मूळ कागदाला चिकटून राहिले. शेवटी शिंप्यानं झेंडा शिवला तो त्यांच्या जबाबदारीवर, तसं तोंडी वदवून घेऊन. सिंह मात्र त्यानं मनाविरुद्ध केला होता हे दिसत होतं. चांगल्या घरातलं, दोन्ही वेळा दूध मिळणारं मांजर वाटत होतं ते.

एकंदरीत त्या आठवड्यात समुद्राचं सगळ्यांनी कौतुक केलं आणि झेंड्याला सगळे हसले. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

समुद्राचं कौतुक व्हायला तो दिसत होता. कारण नानांनी गुरुवारी पॅराग्वे बांधायला घेतला. आईच्या कपाटाची मधली फळी काढली, वर्तमानपत्रं भिजवून त्यांचा लगदा केला, त्याचे पर्वत थापले आणि एक सबंध बाजू तैलरंगानं निळी करून टाकली. निळा रंग कमी पडू नये म्हणून डबा मोठा आणला होता, आणि डबा मोठा म्हणून समुद्र मोठा झाला. त्यावर काड्यापेटीच्या सात बोटी. कॅप्टन रोज येऊन लाटांची दिशा सुधारत. आईच्या साड्या खुर्चीवर, लगद्याचे हात दाराच्या कडीला, आणि जेवणं उभ्यानं.

या सगळ्यात धाकटी काय करत होती? ती मोरीचं दार लावून आत सत्तावीस वाक्यं पाठ करत होती. पहिली आठ यायची. नववं आलं की, "पश्चिमेस पॅसिफिक महासागर," तिथं घसा बंद. पुन्हा पहिल्यापासून. बाहेर येऊन ती आईजवळ बसे. आई कोशातल्या त्या दोन ओळींवरून लेसचा एक गोल विणून बघत होती. मधे वाटोळं, मग चाकासारखे आरे, मग आऱ्यांना धरून फिरत जाणारा दोरा. आईचा दोरा तीनदा तुटला, तीनदा तिनं उसवलं. धाकटी ते बघत राही. त्या वेळेपुरता घसा मोकळा वाटे.

"नाही जमलं तर?" एकदा तिनं हळूच विचारलं.

"उसवायचं," आई म्हणाली. "परत घालायचं."

शनिवारी सकाळी असं दिसून आलं, की पॅराग्वे दारापेक्षा चार बोटं रुंद आहे. आडवा धरला तर चौकटीला अडतो. उभा धरला तर समुद्र अजून ओला. नानांनी दाराकडे असं पाहिलं, जणू दार म्हणजे अपुरा भरून आलेला अर्जच होता. शेवटी शेजारच्या सुताराला उठवून आणलं. त्यानं दरवाजा बिजागऱ्यांतून काढून जिन्यात उभा केला. कॅप्टन वरून हुकूम सोडत होते, "डावीकडे! तुमचं डावीकडे नाही, बोटीचं डावीकडे!" नाना एका बाजूला, सुतार दुसऱ्या बाजूला, आणि पॅसिफिक महासागर दोन्ही मजल्यांच्या कठड्याला आपल्या खुणा ठेवत खाली उतरला. तळमजल्यावरच्या काकू दळण घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्या पदरावर पुढे कितीतरी वर्षं पॅराग्वेचा किनारा होता आणि त्यांनी तो दाखवला नाही असा महिना गेला नाही.

शाळेच्या फाटकावर शिपायानं अडवलं. इतकी मोठी वस्तू आत न्यायची तर मुख्याध्यापकांचा पास हवा. मुख्याध्यापक यायचे होते. "पास नसेल तर वस्तू बाहेर ठेवा, मुलगी आत जाऊ द्या." नानांनी खिशातून कोरा कागद काढला, फाटकाच्या खांबावर ठेवून पासाचा अर्ज लिहिला, त्याची पोच शिपायाकडून घेतली आणि पोच हाच तात्पुरता पास असल्याचं त्याला पटवून दिलं. शिपायानं सलाम ठोकला. नानांच्या आयुष्यातला तो एक उत्तम क्षण होता. त्यानंतरचा अर्धा तास तसा नव्हता.

वर्गात पॅराग्वे चादरीखाली टेबलावर ठेवला गेला. नाना "दोन मिनिटं थांबतो" म्हणून सगळ्यात मागच्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागत होते. आईही आली होती. ती दाराशी, पर्स पोटाशी धरून उभी. चिली झाला, क्यूबा झाला. मेक्सिकोवाली तीन वाक्यं विसरली, तरी टाळ्या झाल्या. मग बाई म्हणाल्या, "आता पेरू. त्यानंतर पॅराग्वे."

डॉक्टरांची मुलगी पुढे आली. डॉक्टरांच्या घरी ज्ञानकोशाचे सगळे खंड होते, चामडी बांधणीचे, कोपरे शाबूत. तिनं वेणी मागे टाकली आणि सुरुवात केली, "पेरूच्या पश्चिमेस पॅसिफिक महासागर."

धाकटीला वाटलं, ठीक आहे, समुद्र मोठा असतो, दोघांना पुरेल.

"या देशास विस्तीर्ण समुद्रकिनारा लाभला असून मासेमारी हा प्रमुख व्यवसाय आहे."

हे वाक्य दहावं. धाकटीनं हातातला कागद बघितला. शब्दाला शब्द. वाळवंट आलं, अकरावं. पर्वत आले. लामा आले, एकामागून एक, धाकटीच्याच कागदावर चरत असल्यासारखे. पेरूवाली जसजशी पुढे जात होती तसतसा पॅराग्वे धाकटीच्या हातात विरघळत होता. तिनं मान वळवून मागे पाहिलं.

नानांनाही कळलं होतं. नानांचा चेहरा तिनं खूपदा रागावलेला पाहिला होता, दुखावलेलाही पाहिला होता. पण असा नव्हता पाहिला. बाइंडरकडचा तो गठ्ठा, ते कसरीनं खाल्लेले कोपरे, मधून गळालेली पानं, सगळं त्या चेहऱ्यावर एकेक करून उतरत होतं. त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला आणि तिथंच थांबला. सत्तावीस वाक्यं टाइप होऊन सहीनिशी बाहेर पडली होती. आता ती मुलीच्या हातात होती आणि ऑफिस फार लांब होतं.

टाळ्या झाल्या. "पॅराग्वे," बाई म्हणाल्या.

धाकटी उठली. पुढे गेली. वर्गाकडे तोंड केलं. घसा बंद झाला.

"मौनीबाई," दुसऱ्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आईनं पर्स या हातातून त्या हातात घेतली. धाकटीनं कागदाकडे पाहिलं. वरती आठ वाक्यं खरी, खाली एकोणीस पेरूची, आणि सगळ्यांत खाली नानांची वळणदार सही. जन्मभर तिनं ती सही पाहिली होती, आणि त्या सहीच्या कागदात चूक निघाली की नाना काय करतात तेही पाहिलं होतं.

"शुद्धिपत्रक," धाकटी म्हणाली.

"काय?" बाई म्हणाल्या.

"शुद्धिपत्रक," धाकटी म्हणाली. या खेपेला मोठ्यानं. "माझ्या कागदावर अनुक्रमांक नऊ ते सत्तावीस, 'पॅराग्वे' ऐवजी 'पेरू' वाचावे. ती वाक्यं आत्ताच वाचून झालेली आहेत. म्हणून परत वाचत नाही."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग बाईंच्याच तोंडून हसू फुटलं आणि त्यापाठोपाठ सगळा वर्ग हसला. धाकटीला वाटलं होतं, हसले तर आपण मरून जाऊ. पण हे हसू वेगळं होतं. ते तिच्या बाजूनं होतं.

"बाई," तिनं विचारलं, "पॅराग्वेच्या पश्चिमेला खरं काय आहे?"

बाईंनी पुस्तक उघडलं. "जमीन. पश्चिमेलाच काय, चहूकडे जमीनच. समुद्र नाहीच त्याला."

धाकटीनं चादर काढली. निळाच निळा, सात बोटींसह. वर्ग "ओऽऽ" करून उठून उभा राहिला.

"'समुद्र' ऐवजी 'जमीन' वाचावी," धाकटी म्हणाली. "बोटी—" आणि थांबली. "बाई, नदी तरी आहे का?"

"आहे की. मोठी आहे. देशाच्या मधून जाते. तिचंही नाव पॅराग्वेच."

"मग बोटी तशाच राहू द्याव्यात. फक्त नदीत वाचाव्यात." आणि तिनं सातही बोटी एकेक करून उचलल्या आणि पर्वतांच्या मधल्या फटीत ओळीनं लावून टाकल्या. शेवटची बोट निळ्या रंगाला चिकटली होती, ती उपटताना समुद्राचा टवका निघाला. तोही हशा मिळवून गेला.

मग तिनं झेंडा घेतला. एक बाजू दाखवली, तारा. उलटला. सिंह.

"चुकलाय! चुकलाय!" पोरी ओरडल्या. मागच्या बाकावर नानांनी डोळे मिटून घेतले. आठवडाभर ऐकलेलं पुन्हा एकदा ऐकायची तयारी त्यांनी केली होती.

"झेंड्यात दुरुस्ती नाही," धाकटी म्हणाली. "हा असाच आहे. पुढून वेगळा, मागून वेगळा. शिंपी नाही म्हणाला, कॅप्टन नाही म्हणाले, काकूसुद्धा नाही म्हणाल्या. पण नाना म्हणाले, 'आहे.'"

बाई पुस्तकातलं पान शोधत होत्या. इतका वेळ शोधत होत्या, की नानांच्या कपाळावर घाम आला. "अगं बाई, खरंच की," त्या शेवटी म्हणाल्या. "दोन्ही बाजू वेगळ्या. मलाही ठाऊक नव्हतं."

नानांनी डोळे उघडले. छाती एवढी भरून आली, की बाक करकरला.

पुढं काय काय बोललं ते धाकटीला स्वतःलाही नीट आठवलं नाही. तिनं दप्तरातून आईचा पुरा झालेला लेसचा गोल काढून खिडकीच्या उजेडात धरला आणि तो मधून कसा सुरू करायचा, आरे कसे पसरायचे, दोरा तुटला तर कुठून उसवायचा आणि परत कसा घालायचा, हे सांगत सुटली. हे काही कागदावर नव्हतं. बाइंडरविषयी सांगितलं. कोपऱ्यांविषयी सांगितलं. दरवाज्याविषयी सांगितलं. तेवढ्यात घंटा झाली आणि ती घंटेवरून मोठ्यानं बोलत राहिली.

"पुरे, पुरे!" बाई हसत म्हणाल्या. "दहा सांगितली होती, मी मोजायचं सोडून दिलं."

टाळ्या वाजत असतानाच नाना मागच्या बाकातून कसेबसे निघाले, पुढे आले आणि धाकटीच्या हातातला कागद त्यांनी घेतला. टाळ्या थांबल्या. "सहीशिवाय शुद्धिपत्रक ग्राह्य नसतं," ते बाईंना म्हणाले. त्यांनी लाल पेन काढलं, कागदाच्या समासात लिहिलं "मंजूर", आणि खाली सही केली. सही जरा वाकडी आली. चष्म्यावर काहीतरी आलं होतं, म्हणाले.

घरी जाताना पॅराग्वे हलका वाटत होता. शाळेत ठेवून घ्यायला बाई तयार होत्या, पण कपाटाची फळी आईला हवी होती. सुतारानं दरवाजा पुन्हा बसवला. तो त्या दिवसापासून थोडा कुरकुरायला लागला आणि पुढे सगळ्यांना त्याची सवय झाली.

संध्याकाळी नानांनी शुद्धिपत्रक रीतसर टाइप करून घेतलं, चार प्रतींत. एक वाचनालयाला. एक बाइंडरला, "पान गहाळ" असा शेरा मारून. एक शिंप्याला, "झेंडा बरोबर असल्याबाबत". आणि चौथी वरच्या मजल्यावर कॅप्टनला, "विषय : आपले पोहणे."

दहा मिनिटांत ती प्रत परत आली. खाली कॅप्टनच्या अक्षरात एकच ओळ होती, "'समुद्रात' ऐवजी 'नदीत' वाचावे." नानांनी ती दोनदा वाचली, थोडा विचार केला आणि मंजूर केली.

धाकटी मात्र अजून बोलतच होती. पेरूवाली मधल्या सुट्टीत येऊन काय म्हणाली, शिपायानं चादरीच्या आत कसं डोकावून पाहिलं, बाई हसल्या तेव्हा त्यांचा चष्मा कसा घसरला, दुसऱ्या बाकावरची मुलगी लेस शिकायला कधी येणार आहे. नाना मधे काहीतरी सांगायला गेले आणि त्यांना जागाच मिळाली नाही. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

"अगं, आता जरा गप्प बस," शेवटी आई म्हणाली. "ताट गार होतंय."

धाकटी थबकली. बारा वर्षांत या घरात तिला असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं. तिनं एक घास घेतला, तो चावता चावता हसू दाबलं, आणि घास पोटात जायच्या आतच पुन्हा सुरुवात केली.